आदर्श दिवस आदल्या रात्री सुरू होतो

मागे ऑफिसातल्या एका प्रशिक्षणात आम्हाला प्रत्येकी एक कोरा कागद देऊन सांगितलं, ‘तुमचा आदर्श दिवस कसा असेल ते लिहा. पाच मिनिटं आहेत.’ आजूबाजूला भराभर पेनं चालू लागली. कुणी समुद्र लिहिला, कुणी डोंगर, कुणी परदेश. माझा कागद कोराच राहिला. फार राग आला होता मला त्या पाच मिनिटांचा. ज्या माणसाला कित्येक महिन्यांत स्वतःसाठी सलग तासभर मिळालेला नाही, त्याला अख्खा दिवस पाच मिनिटांत सुचणार कसा?

मग घरी आल्यावर तीन-चार रात्री बसून मी तो सावकाश लिहून काढला. किती वाजता उठेन, उठल्यावर आधी काय करेन, कोण भेटेल, काय जेवेन. लिहिता लिहिता लक्षात आलं की माझ्या त्या दिवसाच्या मधोमध जाड बुडाचं एक पातेलं आहे आणि त्यात काबुली चणे शिजताहेत. कुठल्या गावाला जायचं, कुठल्या हॉटेलात राहायचं, यातलं काही त्या कागदावर आलंच नाही.

चणे म्हटले की दिवस आदल्या रात्रीच सुरू करावा लागतो. मला हेच फार आवडतं. झोपण्याआधी दोन वाट्या चणे निवडायचे, धुवायचे आणि भरपूर पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजत टाकायचे. मिठाने कडधान्य कडक होतं, असं मीही वर्षानुवर्षं ऐकत आले. होतं उलटंच. दाण्याच्या सालीत पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं, त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात चणे तास-दोन तास शिजवूनही आतून कच्चे लागतात, त्यामागेही हेच कॅल्शियम असतं. तशा पाण्यात भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला तर चालतो. जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

सकाळी गजराशिवाय जाग येते. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथेच राहणार आहे. मी आधी भांड्यावरचं झाकण काढून बघते. रात्री सुरकुतलेले, खड्यांसारखे वाजणारे दाणे आता दुपटीने फुगलेले असतात. साल ताणून तुकतुकीत झालेली, पक्ष्याच्या चोचीसारखं ते टोक आणखी ठसठशीत झालेलं. एक दाणा नखाने दाबला की दोन दलं अलगद सुटतात. ते बघण्यात मला दरवेळी तेवढाच आनंद होतो. आपण झोपलो होतो आणि आपलं एक काम होत होतं!

पाणी बदलायचं, दोन तमालपत्रं आणि लसणाच्या चार पाकळ्या टाकायच्या, उकळी आली की वरचा फेस काढायचा आणि आच अगदी बारीक करायची. एरवी कुकरचाच आधार असतो, त्याला नावं ठेवणार नाही. पण या दिवशी पातेलंच. तासभर लागतो, चणे जुने असतील तर दीड तास. आणि मला जे सांगायचंय ते या तासाबद्दलच आहे. मी नुसती पुस्तक घेऊन बसले तर दहाव्या मिनिटाला मन खायला लागतं. कपडे वाळत घालायचेत, अमक्याला उत्तर द्यायचंय, आपण इथे का बसलोय? पातेलं आचेवर ठेवून बसले की ते होत नाही. घरात थांबायला कारण मिळतं. मधूनमधून उठायचं, झाकण सरकवायचं, एक दाणा बोटात चेपून बघायचा, परत येऊन पान उलटायचं. ज्यांना स्वस्थ बसण्याची सवय उरलेली नाही, त्यांनी मंद आचेवर काहीतरी ठेवून बसून बघावं, असं मी अगदी मनापासून सांगेन.

आता कांदा. तीन मोठे कांदे, उभे, पातळ. पाककृतीत लिहितात, ‘कांदा पाच मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता.’ पाच मिनिटांत कांदा सोनेरी होत नाही, फार तर पारदर्शक होतो. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत कढईतली उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही आणि तोवर रंग धरत नाही. पाणी आटलं की मग साखर आणि अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) यांची ती प्रक्रिया वेग घेते, जिचं वर्णन लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. पावाची खरपूस कड आणि भाजलेल्या कॉफीचा वास यांतही तीच आहे. मंद आचेवर पाऊण तास लागतो. आधी कढई काठोकाठ भरलेली असते, हळूहळू सगळा कांदा मूठभर होतो. कडेला चिकटलेला तपकिरी थर दिसला की चमचाभर पाणी शिंपडायचं आणि उलथन्याने तो खरवडून पुन्हा कांद्यात मिसळायचा. सगळी चव त्या थरात असते.

त्यावर जिरे, मिरपूड, ठेचलेला लसूण आणि चिरलेले टोमॅटो. टोमॅटोला तेल सुटेपर्यंत थांबायचं. चणे पूर्ण मऊ झाल्याशिवाय मात्र टोमॅटोची आणि त्यांची गाठ घालायची नाही, आंबटपणाने दाणा मऊ व्हायचा थांबतो. मग चणे, त्यांचं शिजलेलं पाणी (ते ओतून देऊ नका, रस्सा त्यानेच दाट होतो), मूठभर दाणे डावाने चेपून, शेवटी पालक आणि उतरवल्यावर लिंबू. लिंबू चवीसाठी तर आहेच, शिवाय वनस्पतींतलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने शरीरात जास्त शोषलं जातं.

या जेवणात दूध, तूप, लोणी काहीच नाही. गेली सहा वर्षं मी पूर्ण वनस्पतीजन्य आहारावर आहे. ‘मग तू खातेस तरी काय?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर म्हणून पातेलंच पुढे करावंसं वाटतं. १०० ग्रॅम शिजलेल्या चण्यांत साधारण ९ ग्रॅम प्रथिनं असतात, तंतुमय भागही भरपूर असतो. सोबत भात किंवा पाव असला की चण्यात जे अमिनो आम्ल कमी ते धान्यातून मिळतं आणि धान्यात जे कमी ते चण्यातून. एकाच घासात दोन्ही हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली तरी पुरे. बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी मी गोळी घेते आणि असं खाणाऱ्या प्रत्येकाला ती घ्यायला सांगते. ‘सगळं भाज्यांतच मिळतं’ म्हणणारे लोक आपल्याच बाजूचे असले तरी चुकीचं सांगतात.

मी इकडे वळले त्यामागे एक अभ्यास होता. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून दाखवलं की प्राणिजन्य पदार्थ कितीही काळजीपूर्वक तयार केले, तरी जमीन आणि हवामानावरचा त्यांचा भार सहसा डाळी-भाज्यांपेक्षा जास्तच राहतो. चण्याच्या मुळांवरच्या गाठींत तर हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे जिवाणू राहतात. त्याला नत्रखत फार लागत नाही. हे वाचून मी वळले खरी, पण टिकून राहिले ती चवीमुळे. मांसासारखा लागणारा, मांसासारखा दिसणारा पदार्थ मला नको असतो. ज्यांना त्याचा उपयोग होतो त्यांनी जरूर खावा. पण चण्याला चणाच राहू द्यावं आणि त्याला हवा तेवढा वेळ द्यावा, मग तो दुसऱ्या कशाची आठवण येऊ देत नाही.

दुपारी एकला मैत्रीण येते. बरीच वर्षं आम्ही फोनवरच बोलत होतो, तेही दोघींपैकी एक रस्त्यात असताना. ती आली की आधी झाकण उघडून वाकून वास घेते. ‘अगं, यात घातलंस तरी काय?’ कांदा, म्हणते मी. जेवायला आम्हाला दीड तास लागतो. नंतर एक झोप, मग संध्याकाळी लांबवर चालणं. एवढंच, पुढचं त्या कागदावरही मी फारसं लिहिलं नव्हतं.

कागद पूर्ण झाल्यावर पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की त्यात विकत घ्यावं असं जवळजवळ काहीच नाही. महाग होते ते फक्त सलग पाच-सहा तास, ज्यांत मला कुणी हाक मारणार नाही. मला काय हवंय हे आधी ठाऊक असतं, तर सुट्टीच्या दिवशीच्या कामाच्या फोनला मी इतकी वर्षं हो म्हटलं नसतं. आता महिन्यातल्या एका रविवारी नाही म्हणते. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापला होता.

तो रविवार आतापर्यंत पाच वेळा आला. दोनदा चणे थोडे कच्चे राहिले, एकदा पाऊस इतका होता की चालणं झालं नाही. मैत्रीण पाचही वेळा आली. जाताना डबा भरून नेते, कारण दुसऱ्या दिवशी हा रस्सा आणखी मुरलेला असतो. पुढच्या वेळी कांदे ती परतणार आहे. पाऊण तास लागतो, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय.