पाच दावे, साडेतीन थापा

‘शाळेत न शिकवलेल्या पाच गोष्टी’ अशी एक यादी सध्या सगळीकडे फिरते आहे. चंद्रावरून चीनची भिंत दिसते. शहामृग घाबरला की वाळूत डोकं खुपसतो. लाल रंग दिसला की बैल चवताळतो. गाजरं खाल्ली की अंधारातही लख्ख दिसतं. आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, जन्मतः गुलाबी नसतात.

भिंतीपासून सुरुवात करू. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर लांब आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. चंद्राच्या अंतरावर तो भाग होतो शंभर किलोमीटरच्या आसपास. भिंत बहुतेक ठिकाणी दहा मीटरही रुंद नाही. ‘पण लांबी हजारो किलोमीटर आहे ना!’ असेल, पण हातभर लांब केसही रस्त्यापलीकडून दिसत नाही. उजळ पार्श्वभूमीवरची काळी रेघ डोळा याहून बरीच बारीक पकडतो, हे खरं. इथे मात्र भिंत आसपासच्याच माती-दगडाची, रंगही तोच. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला, म्हणजे चंद्राच्या मानाने अगदी उंबऱ्यावरून. त्यालाही ती दिसली नव्हती. गंमत अशी, की विल्यम स्टकली या इंग्रज अभ्यासकाने हा दावा १७५४ मध्येच एका पत्रात केला होता. तेव्हा तपासायला वर जाणार कोण?

शहामृगाचं थोडक्यात. त्याचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा. अंडी चोचीने फिरवायला तो मान खाली घालतो आणि लांबून डोकं पुरल्यासारखं दिसतं. धोका दिसला की तो ताशी सत्तरेक किलोमीटर वेगाने पळतो, नाहीतर मान जमिनीला टेकवून निपचित पडतो. वाळूत डोकं घालून श्वास कुठून घेणार?

बैलाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. लाल त्याला आपल्यासारखा भडक दिसतच नाही. स्पेनमधल्या झुंजीत सुरुवातीचं मोठं कापड सहसा गुलाबी-पिवळं असतं आणि वळू त्यावरही तसाच धावून जातो. लाल फडकं येतं शेवटच्या टप्प्यात. त्याला चिथावतं ते कापडाचं हलणं.

गाजराचा दावा अर्धा खरा. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. कमतरता असेल तर गाजर उपयोगी. पण ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला आणखी चार किलो खाऊन मांजराचे डोळे मिळत नाहीत. ही समजूत फोफावली दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश वैमानिक रात्री शत्रूची विमानं टिपत होते ती विमानात बसवलेल्या रडारमुळे. रडार गुप्त ठेवायचं होतं, म्हणून श्रेय गेलं गाजरांना. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाला तर ‘मांजरडोळ्या’ असं टोपणनावच मिळालं.

राहिला रोहित पक्षी, आणि तो दावा चोख. पिल्लं करडी-पांढरी असतात. शेवाळ आणि खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन गुलाबी रंग हळूहळू पिसांत उतरतो. तो देणारी द्रव्यं गाजराच्या कॅरोटीनच्याच घराण्यातली. प्राणिसंग्रहालयात ती खाण्यात पडली नाहीत, तर पुढच्या वेळी फुटणारी पिसं फिकट येतात.