पेले मैदानात नसतानाही सांतोस जगज्जेता झाला होता

2022 च्या डिसेंबरात पेले गेला. पुढच्या डिसेंबरात त्याचा क्लब सांतोस ब्राझीलच्या दुसऱ्या श्रेणीत घसरला. तेव्हापासून फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : साओ पाउलो राज्यातल्या बंदराच्या गावचा हा क्लब पेले येण्याआधी कुणाच्या खिजगणतीत नव्हता, साठच्या दशकात पेलेनं तो एकट्यानं जिंकवला, 1974 मध्ये पेले बाहेर पडला आणि क्लब संपला. शेवटचं वाक्य : पेलेचा आधार गेला, म्हणून सांतोस बुडाला. मजकूर चटकदार आहे, पण त्यातला एकही दावा टिकत नाही. शिवाय त्यात काही थोर खेळाडूंचं आयुष्यभराचं काम पुसलं जातं, आणि ते मला सहन होत नाही.

आधी ‘पेलेपूर्वी काही नव्हतं’ हे घेऊ. क्लबची स्थापना 14 एप्रिल 1912 ची. 1927 च्या राज्य स्पर्धेत सांतोसनं 16 सामन्यांत 100 गोल केले. विजेतेपद हुकलं, पण त्या आक्रमणाचं नाव तिथे आजही निघतं. राज्याचं पहिलं अजिंक्यपद आलं 1935 मध्ये. मग वीस वर्षं काहीच नाही, हे कबूल. तो दुष्काळ संपला 1955 मध्ये, लुला हे प्रशिक्षक असताना. मधल्या फळीत झीतो होता, डाव्या बगलेला तोफेसारखी किक असलेला पेपे. पेले तेव्हा बाउरू या गावी पोरांच्या संघात खेळत होता. 1956 मध्ये तिथले त्याचे प्रशिक्षक वाल्देमार दे ब्रीतो पंधरा वर्षांच्या पेलेला घेऊन आले, ते राज्यविजेत्या संघाच्या दारात.

‘एकट्यानं जिंकवलं’ हा दावा सगळ्यात जास्त चुकीचा आहे.

1962 च्या विश्वचषकात ब्राझीलच्या चमूत सांतोसचे सात जण होते : जिल्मार, मौरो, झीतो, मेंगाल्वियो, कुतिन्यो, पेपे आणि पेले. दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला. तरी ब्राझील जिंकला. अंतिम सामन्यात झीतोनं गोल केला आणि कर्णधार मौरोनं करंडक उचलला. त्याच दुखापतीमुळे त्या वर्षी कोपा लिबेर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम लढतीत माँतेव्हिदेओला उरुग्वेच्या पेनारोलविरुद्ध पेले नव्हता. सांतोस 2-1 नं जिंकला, दोन्ही गोल कुतिन्योचे. घरचा सामना हरल्यावर ब्वेनोस आयरेसला निर्णायक सामना झाला. तिथे पेले परतला, दोन गोल केले, 3-0. तेव्हा दक्षिण अमेरिकेचा आणि युरोपचा विजेता क्लब भिडत, जिंकेल तो जगज्जेता. त्या लढतीत लिस्बनमध्ये बेन्फिकाला 5-2 नं हरवून सांतोस जगज्जेता झाला. त्यात पेलेची हॅटट्रिक होती. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण 1963 बघा. त्याच लढतीत युरोपच्या विजेत्या मिलाननं सान सीरो या घरच्या मैदानावर सांतोसला 4-2 नं हरवलं. सांतोसचे दोन्ही गोल पेलेचे. परतीच्या सामन्याला मात्र पेले दुखापतीमुळे बाहेर, झीतोही बाहेर. 14 नोव्हेंबरला रिओच्या माराकाना मैदानावर मध्यंतराला मिलान 2-0 नं पुढे होता. दुसऱ्या सत्रात, भर पावसात, पेपेचे दोन गोल, पेलेच्या जागी आलेल्या अल्मीरचा एक आणि लिमाचा एक : 4-2. दोन दिवसांनी निर्णायक सामना. पेले पुन्हा नाही. दाल्मोच्या पेनल्टीवर 1-0, आणि सांतोस सलग दुसऱ्यांदा जगज्जेता. जगज्जेतेपद ठरवणारे हे दोन्ही सामने पेलेविना जिंकले गेले. ‘एकट्यानं’ म्हणणाऱ्यांनी दाल्मोचं नाव तरी ऐकलंय का?

पेपेबद्दल आणखी थोडं. तो सांतोस गावातच जन्मला आणि सगळी कारकीर्द याच क्लबात घालवली. त्याचे गोल चारशेच्या वर आहेत. दुसऱ्या कुठल्याही क्लबात त्याचा पुतळा सगळ्यांत उंच असता.

‘1974 नंतर संपला’? पेले गेल्यावर पहिलं राज्य विजेतेपद 1978 च्या स्पर्धेत मिळालं, झुआरी आणि पीता यांच्यासारख्या कोवळ्या पोरांच्या जोरावर. त्यांना ‘विलाची पोरं’ म्हणत, विला बेलमिरो या घरच्या मैदानावरून. 1984 ला पुन्हा. त्यानंतरची बरीच वर्षं हलाखीची होती. 2002 मध्ये पैसे नव्हते म्हणून पुन्हा पोरांनाच उतरवलं. साखळीत आठवा आलेला तो संघ बाद फेरीत पहिल्या क्रमांकाच्या साओ पाउलोला आणि अंतिम फेरीत कोरिंथियान्सला हरवून राष्ट्रीय विजेता ठरला. त्या पोरांतला दिएगो तेव्हा सतरा वर्षांचा होता. 2004 ला परत राष्ट्रीय विजेतेपद. 2011 मध्ये पुन्हा पेनारोललाच 2-1 नं हरवून तिसरी लिबेर्तादोरेस, गोल नेमार आणि दानिलोचे. महिला संघानं महिलांच्या लिबेर्तादोरेसची पहिली दोन वर्षं, 2009 आणि 2010, दोन्ही जिंकली. 2009 मध्ये त्यांच्याकडून ब्राझीलची थोर खेळाडू मार्ता खेळत होती. हे तर त्या मजकुरात कुठेच नाही.

राहिली घसरण. क्लबच्या इतिहासातली ती पहिलीच, आणि पेले सांतोसमधून बाहेर पडल्यावर 49 वर्षांनी आलेली. तिची कारणं कर्ज, ढिसाळ कारभार आणि हंगामभर बदलत राहिलेले प्रशिक्षक यांत शोधावी लागतील. 2024 मध्ये सांतोस दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद घेऊनच वर आला.