'बारमधले दारुडे' लिहिणाऱ्या वाचकांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. 'द डब्लिनर्स' या आयरिश बँडच्या परदेशातल्या वाटचालीवर मी मनापासून लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. जर्मनीत त्यांनी वर्षानुवर्षं तीच ती गाणी म्हटली. 'प्लँक्स्टी'सारख्या बँडने आयरिश संगीत पुढे नेलं, यांनी नाही. आणि तिसरा तुमच्याच शब्दांत: "स्टेजवरून धरून उतरवावं लागणाऱ्या बारमधल्या दारुड्यांचं कसलं आलंय करिअर?"

पहिला आक्षेप बराचसा मान्य. शेवटच्या काळात कोणतं गाणं कधी येणार हे श्रोत्यांना पाठ झालं होतं.

तिसऱ्या वाक्यावर मात्र मी गप्प बसणार नाही.

ज्याला स्टेज सोडावं लागलं तो या बँडचा गायक, नाव ल्यूक केली. १९८० मध्ये कॉर्कच्या ऑपेरा हाउसमध्ये तो कार्यक्रम चालू असताना कोसळला. मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि हा माणूस पुन्हा दौऱ्यावर निघाला. १९८३ च्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या ट्राउनला त्याला गाणं सोडून आत जावं लागलं, मग जर्मनीतल्या मानहाइमला पुन्हा तेच. ३० जानेवारी १९८४ ला तो गेला, वय ४३. त्याच्याआधी, १९७४ मध्ये, बँडमधलाच किआरन बर्क इंग्लंडमधल्या ईस्टबर्नला असाच स्टेजवर पडला होता. मेंदूत रक्तस्राव झाला, डावी बाजू लुळी पडली. १९८८ मध्ये तो जाईपर्यंत साथीदारांनी त्याचे पैसे चालू ठेवले. माणूस कशाने पडला हे न बघता तुम्ही शब्द फेकून मोकळे झालात.

ते प्यायचे का? प्यायचे, भरपूर प्यायचे. ते कुणी लपवलेलं नाही. पण पन्नास वर्षं परक्या देशांतली सभागृहं दारूच्या जोरावर भरत नाहीत.

याच बँडमधल्या बार्नी मॅकेनाचा बँजो ऐकलाय तुम्ही, नीट? चार तारांचा टेनर बँजो फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, बरोबर एक सप्तक खाली लावायचा ही पद्धत आयरिश संगीतात रुळली ती त्याच्यामुळे. फिडलच्या चाली थेट बँजोवर उतरू लागल्या. त्याचा उजवा हात बघा. एका स्वराच्या जागेत पिक (तारा छेडायची पट्टी) खाली-वर-खाली असं तीनदा जातं, तेही रील, म्हणजे जलद नाचाची धून, पळत असताना, आणि मनगट मात्र सैल. आज जगात कुठल्याही आयरिश बैठकीत बँजोवाला बसला की बहुतेक वेळा तो बार्नीच्याच पद्धतीने तारा लावून बसलेला असतो. हे बारमध्ये ग्लास आपटून येत नाही, त्याला रियाझ लागतो.

आणि 'बारमधले' ही शिवी कशी काय झाली? १९६२ मध्ये डब्लिनच्या मेरियन रो या रस्त्यावरच्या ओ'डॉनाह्यूज पबमध्येच ही मंडळी जमली. त्यांच्याकडे पब हीच मैफलीची जागा होती. १९६७ मध्ये त्यांच्या एका गाण्यावर आयर्लंडच्या सरकारी रेडिओने बंदी घातली. ते गाणं समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइनने लावून धरलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सातव्या क्रमांकावर गेलं. त्यांची परदेशातली खरी घोडदौड तिथून सुरू झाली.

मला हे इतकं का लागलं तेही सांगतो. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत त्यांचे ओठ फुटलेले असत. वरात दारात पोचली की पाहुण्यांना आत पंगत आणि यांना मांडवामागे पत्रावळ. "बँडवाले ना, पिणारच," हे मी लहानपणी शेजारच्यांच्या तोंडून ऐकलंय. वडिलांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. पहाटे उठून रीड ओली करून ते सूर लावत बसायचे. वाजवून पोट भरणाऱ्याला दारुडा ठरवणं किती सोपं असतं, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. नोकरीनिमित्त मी जर्मनीत राहिलो आहे, डब्लिनर्सना समोर बसून ऐकलं आहे. माझ्या शेजारच्या जर्मन आजीला प्रत्येक गाण्याचे शब्द पाठ होते आणि तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

प्लँक्स्टी मोठेच आहेत, वाद नाही. तो लेख त्यांच्यावर नव्हता, एवढंच.

यापुढेही जरूर लिहा. वाजवणं आवडलं नाही, गाणी शिळी वाटली, मी वाहवत गेलो, काहीही लिहा, प्रसिद्ध करीन. पण 'दारुडे' हा शब्द घेऊन आलेली पुढची प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.