खच्चर काय खायचं?

आत्ताच घरी आले. हातपाय धुतले नाहीत, चहा टाकला नाही, आधी हे लिहायला बसले आहे. डोकं तापलंय माझं.

आज नागपुरातल्या एका सभागृहात इतिहासाचं चर्चासत्र होतं. 'तरुण संशोधकांसाठी विशेष सत्र' असं पत्रिकेवर ठळक छापलं होतं. ओळखीतली एक पोरगी बोलणार होती, म्हणून भर उन्हात गेले. तिला पंधरा मिनिटं कबूल केली होती. शाल-श्रीफळ आणि स्वागताच्या भाषणांनी तास खाल्ला, मग तिला चिठ्ठी गेली की सात मिनिटांत आटप. आणि पाचव्या मिनिटाला अध्यक्षांनी माइक स्वतःकडे ओढून म्हटलं, "बाळ, लढाईबद्दल बोल. बैलांचं पुराण नंतर."

सभागृह हसलं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर मांडीवर थाप मारून हसले.

ती काय सांगत होती, ते मी सांगते. १८०३ साली इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांना वऱ्हाडात दोन ठिकाणी हरवलं. २९ नोव्हेंबरला अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर. एवढं आपण सगळेच शाळेत घोकलो. पण गाविलगडावर उत्तरेकडून हल्ला करायला इंग्रजांकडच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जड तोफा मेळघाटच्या डोंगरांतून तीसेक मैल ओढत नेल्या. रस्ता नव्हताच, तो करत करत गेले. चिखलदऱ्याला जाताना त्या दऱ्या पाहिल्यात ना? आपली गाडी दुसऱ्या गिअरवर रडते तिथे. त्या तोफांना खांदा कोणाचा लागला, झाडं कोणी तोडली, हजारो माणसांना रोजचं धान्य कोणाच्या बैलांवरून आलं, हा तिचा प्रश्न. बंजाऱ्यांचे तांडे गोण्या लादून फौजांच्या मागे चालायचे. तांडा पोचला नाही तर इंग्रजांचा सेनापती वेलस्लीसुद्धा जागचा हलू शकत नव्हता. पुसद-दिग्रसकडचे माझे बंजारा मित्र हे वाचत असतील. तुमच्या पणज्यांचा इतिहास आहे हा, आणि आज त्यावर हशा पिकला.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले ते कळेल.

माझे आजोबा, आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धात खच्चर कंपनीत होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. काटोलकडचा शेतकऱ्याचा मुलगा. १९४६ ला परत आले आणि युद्धावर बोलायचंच नाही असं ठरवून बसले. पोरं विचारायची, "आबा, किती जपानी मारले?" ते उठून गोठ्यात जायचे. आई आता ब्याऐंशीची आहे. तिच्याकडूनही आम्ही कधी काही ऐकलं नाही, कारण आमचाही प्रश्न तोच. किती मारले.

मागच्या उन्हाळ्यात ही पोरगी घरी आली. तिची पीएचडी १८०३ वरच आहे, पण ओझ्याच्या जनावरांचं नाव निघालं की ही कुठेही जाते. आईजवळ खाली बसली आणि विचारलं, "आजी, खच्चर काय खायचं ते आबांनी कधी सांगितलं होतं का?"

आई अडीच तास बोलली. हरभरा किती आणि कोंडा किती, तोबरा कसा बांधायचा, पाठीवर दोन मण ओझं लादताना खालची घडी जरा चुकली तर कशी जखम होते. आणि मग ती गोष्ट, जी मी चोपन्न वर्षांत ऐकली नव्हती. १९४४ च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती विंगेटच्या 'चिंदित' नावाच्या तुकड्यांना विमानांनी जपानी फौजेच्या मागे उतरवलं, सुमारे नऊ हजार माणसं आणि हजाराहून जास्त खच्चरं. ओरडण्याने शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्या खच्चरांचे स्वरतंतू आधीच कापून आवाज काढून घेतले होते. अशी काही खच्चरं आबांच्या हाताखाली होती. तोंड उघडायची, मान ताणायची, आवाज नाही. पुढे गावात कुंभाराचं गाढव ओरडायला लागलं आणि कोणी दगड उचलला की आबा धावून जायचे. "ओरडू दे त्याले. ओरडू दे बापा."

हे आमच्या घरात होतं! ऐंशी वर्षं! एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोरीने नेमका प्रश्न विचारला म्हणून बाहेर आलं.

मग तिने हळूच विचारलं, काही कागद? पेबुक, म्हणजे फौजेतली पगाराची वही, पत्र? आबांची पत्र्याची पेटी आम्ही १९९८ च्या दिवाळीत भंगारवाल्याला दिली. आतलं सगळं तसंच ठेवून. मी स्वतः ती जिन्यावरून खाली नेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हो, मान्य, तारखा आणि डावपेच लागतातच. आणि हो, काही तरुण मंडळी असं बोजड लिहितात की दोन पानांत डोकं दुखतं. पण ही पोरगी तशी नाही. मोडी शिकली, रुमाल, म्हणजे जुन्या दप्तरांचे कापडी गठ्ठे, सोडून एकेक कागद लावते, फेलोशिप महिनोन्महिने अडकली तर शिकवण्या घेते, एसटीने परतवाड्याला जाऊन डोंगर पायी तुडवते. हिला सात मिनिटं?

आपण तरी काय करतो? २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला उघडला की रांग लावतो, पोरांना खांद्यावर घेतो. २०१९ ला कस्तुरचंद पार्कात खोदताना तोफा निघाल्या तेव्हा अर्धं नागपूर फोटो काढायला धावलं, मीही गेले होते. त्या ओढत कोणी आणल्या असतील, हे माझ्याही मनात आलं नाही. तिच्याच बरोबरचा एक मुलगा भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांवर काम करतोय. डिसेंबर १८१७ मध्ये त्यांनी जुम्मा दरवाज्यावर इंग्रजांचा हल्ला परतवला आणि मग वाटाघाटी करून शहर सोडलं. जुम्मा दरवाजा म्हणजे आपलं महालातलं गांधी गेट. रोज खालून जातो आपण. त्या मुलाचं नाव तर आज पुकारलंच नाही, वेळ संपली म्हणे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मघाशी पोरगी बाहेर पायरीवर बसून कागद पिशवीत नीट लावत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काकू, आजींना सांगा, आबांचं शेवटी सांगणार होते. तिथपर्यंत पोचलेच नाही."

आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रविवारी तिला जेवायला बोलाव, त्या अरबांवाल्या पोरालाही आण. आबांच्या खच्चराचं नाव आठवलंय तिला.

मी विचारलं, काय? मला सांगत नाहीये. त्या पोरीलाच सांगणार म्हणे.