ज्युरी मागावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुलाच्या ताब्याचा जुना आदेश बदलून घ्यायचा असेल, तर टेक्सासमधल्या आईवडिलांनी ज्युरीचा, म्हणजे खटल्यात कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचा, विचार जरूर करावा, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा सल्ला बेजबाबदार आहे. घरचं भांडण बारा परक्यांपुढे का मांडायचं? त्यांना आपल्या घरातलं काय कळणार? मुलाचं ऐकणार कोण? आणि नानावटी प्रकरणानंतर भारताने ज्युरी बंद केली ती उगीच का?

आधी नानावटी. १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोष ठरवणारा कौल दिला आणि सत्र न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हे खरं. पण तो खुनाचा खटला होता. तुमच्या बाजूचा जास्त भक्कम दाखला मीच देते. पारशी विवाह कायद्यात न्यायाधीशांबरोबर आजही ज्युरीसारखे पाच प्रतिनिधी बसतात, पण मुलांच्या ताब्याचा प्रश्न त्यांच्यापुढे जात नाही. म्हणजे तुमच्यासारखा विचार कायदा करणाऱ्यांनीही केलेला आहे. टेक्सासने मात्र वेगळं ठरवलंय, आणि मी लिहिलं ते तिथे राहणाऱ्यांसाठी.

तिथे मूल मुख्यतः कुणाकडे राहणार, त्याच्या राहण्याचं ठिकाण कोण ठरवणार, त्या ठिकाणाला हद्द घालायची का, यावर ज्युरीचा कौल न्यायाधीशांना बांधून ठेवतो. भेटीचे दिवस आणि चाइल्ड सपोर्ट, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी द्यायचे पैसे, न्यायाधीशच ठरवतात. आपल्या लोकांचं भांडण बहुतेक वेळा त्या हद्दीवरूनच पेटतं: एकाला नोकरीसाठी न्यू जर्सीला जायचंय, नाहीतर कायमचं पुण्याला परतायचंय. २००२ साली टेक्सासच्या सुप्रीम कोर्टापुढे अशीच केस आली होती. आईवडील मूळचे जर्मन, राहायला सॅन अँटोनिओत, आणि आईला मुलांसह जर्मनीला परतायचं होतं. ठिकाण ठरवण्याचा हक्क ज्युरीने आईला दिला. न्यायाधीशांनी मात्र मुलांनी त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहावं अशी अट घातली. कौलाच्या विरुद्ध जाते म्हणून सुप्रीम कोर्टाने ती अट टिकू दिली नाही. हे वाचल्यावर ज्युरीचं नाव काढू नका असं कुणाला कसं सांगू?

राहिले परके. न्यायाधीशही आपल्या घरातला नसतोच. तिथे तो निवडणुकीत निवडून येतो, आणि त्याच्या मनात काय आहे हे विचारायची सोय नसते. ज्युरीला विचारता येतं. मी दुभाषी म्हणून बसले होते तेव्हा एका वकीलबाईंनी निवडीसाठी आलेल्या लोकांना सरळ विचारलं, "सात वर्षांचं मूल रोज रात्री आजीच्या कुशीत झोपतं. कुणाला खटकतं?" तीन हात वर गेले. एका गृहस्थांनी, "त्या वयात मूल वेगळं झोपायला हवं," असं ठासून सांगितलं. त्यांचं नाव बाईंनी ज्युरीच्या यादीतून खोडलं. हीच समजूत न्यायाधीशाच्या मनात असती तर ती निकालात उतरली असती आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

चव्हाट्यावर येण्याचं म्हणाल तर, भारतातल्या कौटुंबिक न्यायालयात कुणा पक्षाने मागितलं की बंद दाराआड सुनावणी होते. टेक्सासमधली कोर्टं ज्युरी नसतानाही साधारणपणे उघडीच असतात.

मुलाचा मुद्दा मात्र तुमचा एकदम बरोबर, आणि सगळ्यात जड. ज्युरी नसेल आणि एका पक्षाने अर्ज केला, तर बारा वर्षांच्या किंवा मोठ्या मुलाशी न्यायाधीशांना आपल्या चेंबरमध्ये बोलावंच लागतं. कुणाकडे राहायचंय ते मूल तिथे सांगू शकतं. जे प्रश्न ज्युरीकडे गेले, त्यांवर अशी भेट घेता येत नाही. तेरा वर्षांची मुलगी "मला न्यायाधीशांशीच बोलायचंय" म्हणत असेल, तर माझ्या मते ज्युरी मागू नये, वकील काहीही म्हणोत.

आणि समोरच्याला घाबरवण्यासाठी तर मुळीच मागू नये. मागणी सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी लेखी द्यावी लागते, आणि एकदा दिली की समोरच्याने हरकत घेतल्यास ती एकतर्फी मागे घेता येत नाही. मग तयारीचा वाढलेला खर्च दोन्ही घरांना सोसावा लागतो, आणि तो पैसा मुलाच्या शिक्षणाचा असतो.