‘पासिंगची फी ३०० रुपये, मग १२ हजार कशाचे?’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब, लालबागच्या शोरूमचा मालक बोलतोय. एक स्टार दिलात, हरकत नाही, तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही लिहिलंय की जाहिरातीत एक लाख आणि बिल १ लाख १९ हजारांचं, सरकारी साइटवर रजिस्ट्रेशन फी फक्त ३०० रुपये दिसते आणि हे लोक आरटीओच्या नावाखाली १२ हजार खातात, भावाने वापीला हीच गाडी स्वस्तात घेतली, वर दसऱ्याला पैसे भरूनही दसऱ्याला गाडी दिली नाही. याला उत्तर द्यावंच लागेल, नाहीतर उद्या हे वाचून कोणीतरी काउंटरवर येणार आणि आमच्या पोरांची कॉलर धरणार.

३०० चा आकडा बरोबर आहे, नव्या बाईकची रजिस्ट्रेशन फी तेवढीच. स्मार्ट कार्डाचे २००, आणि तुम्ही लोनवर घेतली म्हणून आरसीवर बँकेचा बोजा चढवायचे ५००. झाले हजार. पण ही झाली फी. टॅक्स राज्य सरकारचा, तो वेगळा, आणि खरा खर्च तोच आहे. महाराष्ट्रात बाईकचा टॅक्स १५ वर्षांचा एकदम भरून घेतात आणि तो गाडीच्या किमतीवर टक्क्याने लागतो. ९९ सीसीपर्यंत १० टक्के, पुढे २९९ पर्यंत ११, त्याच्यावर १२. २०१७ च्या आधी हेच ८, ९, १० होतं. तुमची गाडी १२५ सीसी, म्हणजे लाखावर ११ हजार, आणि त्या टॅक्सवर परत २ टक्के रोड सेफ्टी सेस, म्हणजे २२० रुपये. ११,२२० मध्ये वरचे हजार मिळवा, १२,२२० होतात. हेच तुमचे ते ‘खाल्लेले’ १२ हजार. टॅक्सची पावती तुमच्या फाइलमध्ये लावलेली आहे, एकदा काढून रक्कम जुळवून बघा ना.

आता चीड कशाची यायला पाहिजे ते मी सांगतो. एक लाख जी एक्स-शोरूम किंमत म्हणतो, म्हणजे आरटीओ आणि इन्शुरन्स धरायच्या आधीची, त्यात १८ टक्के जीएसटी आधीच बसलेला असतो, मूळ गाडी साधारण ८४,७४६ ची आणि बाकी १५,२५४ जीएसटी. राज्याचे ११ टक्के मात्र पूर्ण लाखावर लागतात, म्हणजे जीएसटीवर पण टॅक्स, निव्वळ त्याचेच पावणेसतराशे रुपये होतात. मलाही हे पटत नाही, पण यातला एक रुपया माझ्या गल्ल्यात येत नाही आणि सोडायचा म्हटलं तरी माझ्या हातात नाही. एमएच ०१ घ्या, ०३ घ्या नाहीतर ठाण्याचा ०४ घ्या, टक्का तोच. शेजारच्या इलेक्ट्रिक स्कूटरला टॅक्स लागला नाही असंही लिहिलंय तुम्ही, खरंय, तिला माफ आहे, पेट्रोलला नाही, आम्ही काय करणार.

वापीचं म्हणाल तर गुजरातमध्ये टॅक्स ६ टक्के आहे, म्हणून स्वस्त पडली. भाऊ तिकडेच राहतो ना? मग त्याला बरोबर आहे. तुम्ही परळला राहून तिकडची गाडी इकडे कायमची चालवणार असाल तर १२ महिन्यांच्या पुढे चालत नाही, तिकडून एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला आणायचा, इथला नंबर घ्यायचा, इथला टॅक्स भरायचा आणि तिकडे भरलेल्याचा परतावा मागत बसायचं. वाचलेले पैसे एजंट आणि गाडीभाड्यातच जातात, आमच्याकडे असे लोक येऊन रडून गेलेत.

राहिला इन्शुरन्स. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या बाईकला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा विमा, एकदम घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे तो. ७५ ते १५० सीसीला त्याचे ३,८५१, वर १८ टक्के जीएसटी, ४,५४४ झाले. हा दर सगळ्या कंपन्यांचा सारखाच. वरच्या १९ हजारांतले उरले सव्वादोन हजार, त्यात वर्षभराचा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, आणि मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. या शेवटच्या भागात मात्र घासाघीस होऊ शकते आणि बाहेरून पॉलिसी आणायची मुभा तुम्हाला होती, कोटेशनच्या खाली तसं लिहिलेलंच आहे. आम्हाला इन्शुरन्सवर कमिशन मिळतं, ते कशाला लपवू, सगळ्याच शोरूमला मिळतं.

जाता जाता एक सांगतो, कारण पुढे मोठी गाडी घ्यायचं म्हणताय. राज्याच्या टॅक्सची रेष २९९ सीसीला, थर्ड पार्टीच्या रेषा १५० आणि ३५० ला, जीएसटीची ३५० ला, त्याच्या वर गेलात की १८ चे थेट ४० टक्के. तिन्हींचा मेळ एका जागी बसत नाही. त्यामुळे ३४९ ची आणि ४०० ची गाडी जाहिरातीत जवळजवळ दिसल्या तरी कोटेशन दोन्हीचं ऑन-रोडच, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून मागा.

आणि दसऱ्याचं. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी २८ चा १८ झाला, तुमचीच गाडी साडेआठ हजारांनी खाली आली आणि त्यामुळे आरटीओचा टॅक्ससुद्धा नऊशेच्या वर कमी झाला. त्या आशेवर अख्ख्या मुंबईने गणपतीत बुकिंग थांबवून धरलं होतं आणि दहा दिवसांत सगळे एकदम आले. दसरा २ ऑक्टोबरला, बँका बंद, तुमचं लोन त्या दिवशी कुठून येणार? टॅक्स भरून नंबर पडल्याशिवाय आणि प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही असा नियम आहे. पोरांनी तुम्हाला सांगितलं होतं की मुहूर्ताला पूजा करून घ्या, गाडी नंतर मिळेल. ते तुम्हाला आवडलं नाही, समजू शकतो, पण विदाउट नंबर गाडी देऊन नाक्यावर हवालदाराने अडवली असती तर तोही रिव्ह्यू माझ्याच नावावर आला असता.

बिलात हँडलिंग चार्ज नाही आणि नंबर प्लेटचे वेगळे पैसे पण नाहीत, हे बघून घ्या. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, डिलिव्हरीला उशीर झाला ते लिहिलंय ते राहू द्या. फक्त १२ हजार खाल्ल्याचं वाक्य पावती बघून बदला.