नऊ मुली नाहीत म्हणून?

आज सकाळी चहा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात फोनवर तालुक्याच्या खो-खोची भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याची यादी आली. सतरा वर्षांखालील मुली. वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. आमच्या हायस्कूलचं नाव नाही. नदीपलीकडच्या शाळेचंही नाही. पहिल्याच फेरीत दोन संघांना पुढे चाल, कारण समोर उभं राहायला कुणी नाही. चहा उतू गेला तरी मी तो कागदच बघत होते.

पत्रिका पाठवणारी माझ्या वेळची खेळाडू. तिची लेक आता त्याच शाळेत नववीला आहे. आठवी ते दहावी मिळून पट एकवीस, त्यात मुली सात. खो-खोला नऊ लागतात, आणि नियमाप्रमाणे सगळ्या एकाच शाळेच्या लागतात. म्हणून अर्जच भरला नाही म्हणे. विषय संपला.

कसा संपला? 1994 साली आम्हीही आठच होतो! आमची नववी खेळाडू जुलैत आईबापाबरोबर नवी मुंबईत कोपरखैरण्याला गेली. वडील माथाडी. कोयना खोऱ्यातल्या निम्म्या घरांची तीच गोष्ट. स्पर्धा दोन दिवसांवर आलेली. सर तडक शिवारात गेले, आम्ही दोघी मागोमाग. आठवीतल्या एका पोरीची आई भांगलत होती, पाठीवर इरलं, हात कोपरापर्यंत चिखलात. सरांनी विचारलं तेव्हा ती माउली उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "न्या, पर सांच्या गाडीनं माघारी आणून सोडा." झाला आमचा संघ. मुक्कामीच्या एसटीनं पहाटे निघालो, तालुक्याच्या गावी, पाटणला पोचलो तर मैदानात पाणी. लाकडाचा भुसा टाकून वर परत फक्की मारली आणि सामने सुरू झाले.

त्या पोरीनं त्याआधी तालुक्याचं गाव पाहिलं नव्हतं. पण खांबाला अशी गिरकी मारायची की पाठलाग करणारी पुढंच निघून जायची. आम्ही एका गुणानं हरलो. नंतर शाळेच्या पडवीत ज्यांनी हरवलं त्यांच्याबरोबरच भाकरी खाल्ली. ढेबेवाडी, तारळे, मोरगिरी, हेळवाक ही नावं मला एसटीच्या पाटीवरून नाही कळली, पडवीतल्या त्या मुलींमुळे कळली. मोरगिरीची एक पुढे माझ्या चुलतभावाची बायको झाली, ते जाऊ दे.

मला राग याचाच येतो. यादीतून एक शाळा गळते तेव्हा एक सामना कमी झाला, इतकंच बघणाऱ्यांना दिसतं. पण त्या खोऱ्यातली पोर बाकीच्या तालुक्याला दिसायचीच बंद होते! यादीत नवी नावं येतात ती तालुक्याच्या गावाजवळच्या निवासी शाळांची. तिथे मॅट आहे, प्रशिक्षक आहे. त्या मुलीही घाम गाळतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण यादी म्हणजे तालुका. त्यातून डोंगरातल्या शाळा एकेक करून जाणार असतील तर त्याला तालुकास्तर कशाला म्हणायचं?

आणि वाट बघा केवढी आहे. आमच्या पोरीला आधी तालुका जिंकायचा, मग सातारा जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, तेव्हा कुठे राज्य. महापालिकेला स्पर्धेत वेगळ्या जिल्ह्याचा दर्जा असतो, म्हणून कोपरखैरण्याला गेलेल्या पोरीची पायरीच एक कमी. आमच्या पोरीसाठी मात्र पहिलीच पायरी काढून घेतली.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता, रडले होते. त्या मुली आल्या कुठून? अशाच शाळांच्या मैदानांवरून ना?

पट कमी का झाला ते मला माहीत आहे. माणसं मुंबईला गेली, उरलेल्यांनी पिवळ्या बसच्या शाळा धरल्या. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 14 हजारांच्या वर आहेत. खेळाच्या शिक्षकाचं तर बोलायलाच नको. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला अंशकालीन निदेशकाची, म्हणजे खेळाच्या अर्धवेळ शिक्षकाची तरतूद आहे, पण पट शंभराच्या वर असेल तर. मग शिवारात जाऊन कुणाच्या आईला विचारणार कोण?

माझं मागणं एवढंच आहे. पट कमी असलेल्या शेजारच्या दोन शाळांना मिळून एक संघ उतरवू द्या. आमच्या सात आणि नदीपलीकडच्या पाच, बारा होतात. नऊ मैदानात, तीन राखीव. गैरफायदा घेणारे घेतील, मान्य. मोठ्या शाळा लहान शाळेच्या नावाखाली खेळाडू गोळा करतील. मग पटाची अट घाला, अंतराची अट घाला, मुख्याध्यापकांच्या सह्या घ्या. परीक्षेतले वाढीव क्रीडागुण कुणाला किती द्यायचे हेही बसून ठरवता येईल. अवघड आहे म्हणून पोरींना घरी बसवायचं, हे मला पटत नाही.

दुपारी पत्रिका पाठवणारीला फोन केला. हो, ती शिवारातली आठवीतली पोर म्हणजे हीच. आज नववीतल्या मुलीची आई आहे. तिनं फोन लेकीकडे दिला. मी बरीच तावातावानं बोलत होते. पोरगी शांतपणे म्हणाली, "मावशी, आम्ही रोज खेळतो. एक पाठलागाला, सहाजणी बसायला. पळायला मुलं घेतो. दोन चौकोन रिकामे असतात, तिथं खो देता येत नाही, तेवढं लक्षात ठेवायला लागतं."

यावर मला काही बोलताच आलं नाही.

सोमवारी पाटणला निवेदन घेऊन जातेय. नदीपलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, ते सही देतायत. आपल्या बॅचमधल्या आणि नंतरच्याही ज्या ज्या खेळल्या आहेत त्यांनी खाली नाव आणि शाळेचं वर्ष लिहा. कराडकडून येणाऱ्यांनी दहाच्या आत पाटणच्या स्टँडवर या, मी तिथेच थांबते.